राहा की अजून दोन दिवस

नातेवाइकांत सगळे त्यांना बघूकाका म्हणत. नळ गळत असो, दाढ दुखत असो, काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "बघू." तत्परतेने ते एकच गोष्ट बघत, ती म्हणजे लिफ्ट. एका उंच इमारतीच्या लिफ्ट त्यांनी जन्मभर सांभाळल्या. लिफ्ट मजल्याच्या बोटभर जरी वर-खाली थांबली, तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. राहायला गच्चीवरची खोली होती, मशीनच्या खोलीला चिकटून. मोटर घुरघुरली की काकू म्हणायच्या, "कोणीतरी आलं वाटतं." कोणी यायचं नाही. लिफ्ट गच्चीपर्यंत जातच नव्हती, शेवटचा जिना चढून यावा लागे, आणि तेवढे कष्ट नातेवाईक कशाला घेतील!

खोली नोकरीची होती. नोकरी संपली की ती जाणार, हे काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काकूंनी किती वेळा विषय काढला असेल, दर वेळी "बघू"! शेवटी किल्ली द्यायची वेळ आली, तेव्हा काकांनी बेकरीची एक जुनी व्हॅन घेतली. तिच्यात पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली आणि झाडून सगळ्या नात्यागोत्यात फोन केले. "निवृत्त झालो. आता हौस करणार. वाटेत तुम्हा सगळ्यांना भेटत भेटत आमच्या जुन्या घरी जाऊन येतो."

हौस कसली नि काय! खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. राहायला घर नव्हतं. वाटेत कोणी मनापासून ठेवून घेतलं तर तिथे राहायचं, नाहीतर जुन्या घरी. तिथे काकांच्या थोरल्या भावामागे वहिनी एकट्या राहत होत्या. सरळ तिकडेच गाडी घालायला काकांचं तोंड नव्हतं. भाऊ अंथरुणाला खिळला होता, तेव्हा भेटायला जायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

प्रवास मात्र झकास चालला होता. पाहुणे आपलं अंथरूण-पांघरूण घेऊन येतात आणि झोपायलाही आपल्याच गाडीत जातात म्हटल्यावर यजमान किती प्रेमळ होतात, हे काकांना नव्यानेच कळलं. काकूंच्या आतेबहिणीने तर निघताना डोळ्यांना पदर लावला. "राहा की अजून दोन दिवस!" पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. काका "नको, नको" म्हणायचे, समोरचे हिरमुसायचे आणि दोघांचाही जीव भांड्यात पडायचा.

"एवढं राहा राहा म्हणतात," काकू एकदा म्हणाल्या, "एकदा हो म्हणून तर बघा."

काकांचा मावसभाऊ चष्मे विकायचा. खाली दुकान, वर ऐसपैस घर, आणि मागच्या बाजूला एक खोली, तिच्यात इस्त्रीच्या कपड्यांखेरीज कोणी राहत नव्हतं. काकांनी ती खोली येता-जाता तीनदा तरी पाहिली. सकाळी व्हॅन सुरू केली तर मावसभाऊ खिडकीला लोंबकळलाच.

"काय हे दादा, आलात काय आणि निघालात काय! ते काही नाही, राहा की अजून दोन दिवस!"

काकांनी इंजिन बंद केलं. "बरं," ते म्हणाले, "राहतो. दोन काय, चांगले चार महिने राहतो."

मावसभावाचं हसू अर्ध्यावर अडकलेल्या शटरसारखं तसंच राहिलं. "हो, हो... म्हणजे काय, राहाच ना," म्हणत त्याने बायकोकडे पाहिलं.

"अहो, परवा ते रंगवाले येणार आहेत ना?" ती म्हणाली.

"कोणते रंगवाले?" त्या भोळ्याने विचारलं.

काकांनाच त्याची दया आली. "अरे, मस्करी केली!" सगळे जरुरीपेक्षा जास्त हसले. निघताना त्या बाईंनी बिस्किटांचे पुडेच्या पुडे व्हॅनमध्ये कोंबले. व्हॅन गावाबाहेर पडली. मग काकू म्हणाल्या, "कोणते रंगवाले?" दोघं पोट धरून हसले, आणि हसता हसता काकूंना रडू फुटलं. काकांनी गाडी कडेला घेतली. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा मनापासून राग आला.

जुन्या घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. वहिनींनी फार काही आगतस्वागत केलं नाही. चहा दिला, दोन कपांत आणि एका वाटीत. वाटी स्वतः घेतली. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. काकूंनी ते पाहिले. काका बोलायची तयारी करत होते, त्यांना काही दिसत नव्हतं.

"वहिनी, दादाच्या आजारपणात मी आलो नाही."

"नाही आलात," वहिनी म्हणाल्या. "चांगली खरडपट्टी काढणार होते तुमची."

"काढा. पण आधी ऐका. आमची खोली गेली. ही हौसबिस काही नाही. आम्ही तुमच्याकडे राहायला आलोय."

वहिनींनी वाटी खाली ठेवली. "अगंबाई," त्या काकूंकडे बघत म्हणाल्या, "आता गं काय करायचं? घर विकलं लेकाने. या महिन्याअखेर किल्ली द्यायची. महिनाभर लेकाकडे, महिनाभर लेकीकडे, असं पार्सल होऊन फिरणं माझ्या जिवावर आलंय. म्हटलं, भाऊजी गाडी घेऊन निघालेत, त्यांनाच विचारावं, मला घेता का बरोबर. म्हणून तर खरडपट्टी काढली नाही. जागा मागायची म्हणजे तोंड सांभाळावं लागतं."

काकांची नजर दाराबाहेरच्या व्हॅनकडे गेली. पलंग दोघांपुरताच, टाकी लहान, वहिनींचे गुडघे, व्हॅनची उंच पायरी. एकेक कारण न बोलावता पुढे येत होतं आणि प्रत्येक अगदी खरं होतं. मावसभाऊ तसा वाईट माणूस नाही, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू उठून तिघांची भांडी विसळायला लागल्या होत्या.

"चला," काका म्हणाले. "फक्त कुठे जायचं, ते विचारू नका."

"मी विचारलं का?" म्हणत वहिनी आत गेल्या आणि बॅग घेऊन आल्या. बॅग भरूनच ठेवलेली होती.