सिल्लोडची फेरी आणि दहाचा आकडा

मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीतून ती लांब पांढरी गाडी मागे मागे घेत बाहेर काढायलाच दिलीपला इतका वेळ लागला, की तोवर अर्धी गल्ली निरोप द्यायला दारात जमली. जायचं होतं सिल्लोडला, माझ्या भावाकडे. बसने हा प्रवास मी जन्मभर केला आहे आणि त्याबद्दल काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. या वेळी लिहिते आहे, कारण आमचं घर इथे राहणार की पुण्याला जाणार, हे या फेरीवर ठरायचं होतं.

आधी गाडीचं सांगते. गाडी एका डॉक्टरांची. माझा मुलगा दिलीप बरीच वर्षं त्यांचा ड्रायव्हर होता. परदेशी कंपनीची, आतून सगळी चामड्याची, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. नवी होती तेव्हा लोक थांबून बघायचे. आता तिचं वय झालं आहे आणि डॉक्टरांचंही. ते मुलीकडे राहायला निघाले, तेव्हा दिलीपला म्हणाले, तू घे, लग्नाला भाड्याने दे, जमेल तसं फेड. पण हो की नाही ते उद्यापर्यंत सांग, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय.

इकडे माझी सून रेखा, तिच्या भावाने पुण्यात दिलीपसाठी कंपनीच्या बसवर नोकरी बघितली होती आणि एक खोलीही. रेखाची अट साधी होती. गाडीने लिटरला दहा किलोमीटर दिले तर घ्या, नाही तर पुण्याला चला. घरातली पोटं भरताना नाकी नऊ येतात, त्यात हे आणखी एक पोट दारात कशाला, असं तिचं म्हणणं. अट मला पटली. मी मात्र पुण्याला जाणार नाही, हे सांगून टाकलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मी काय करू? म्हणजे ती चौघं तिकडे आणि मी इकडे, असा हिशेब होता.

दिलीपला स्वतःला गाडीचं ॲव्हरेज (एका लिटरात गाडी किती धावते ते) ठाऊकच नव्हतं. डॉक्टर म्हणायचे बारा. गॅरेजवाला म्हणायचा सहा. दिलीप पंपावर नुसतं ‘फुल कर’ म्हणायचा, बाकी डॉक्टर बघायचे. रेखा त्याला म्हणाली होती, "इतकी वर्षं चालवली अन् तिच्या पोटात किती जातं ते माहीत नाय. मी असं सैपाकघर चालवलं असतं तर?"

नातवंडं शाळेत गेली आणि आम्ही निघालो. पहिला मुक्काम पेट्रोल पंप. तिथे कामाला एक चुणचुणीत मुलगी होती. टाकी भरत आली की पेट्रोलची नळी खट्ट करून आपोआप बंद होते, त्याला हे लोक कट म्हणतात. दिलीप तिला म्हणाला, कटला थांब, वर एक थेंब नको. ती थांबली. दिलीपने मग किलोमीटरचा आकडा शून्यावर आणला. परत आल्यावर पुन्हा कटपर्यंत भरायचं. जितकं आत जाईल तितकं गाडीने प्यायलेलं. ही रीत मला लगेच कळली. तेलाची बुधली मी अशीच मापत आले आहे.

हर्सूल मागे पडलं तसा दिलीपने गुपचूप एसी बंद केला. रेखा आणि मी मागे बसलो होतो. ती म्हणाली, "चालू करा. गिऱ्हाईक काय घाम पुसत बसणारंय?"

"पेट्रोल जास्त जातं त्याच्यानं."

"जाऊ द्या. जातं किती तेच बघायचंय."

त्याने एसी चालू केला, पण गाडी अशी हाकायला लागला, जशी मागे बाळंतीण बसली आहे. सावंगीजवळ कडब्याचा टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला आणि टेम्पोवाल्याने वळून बघितलं. एवढी मोठी गाडी बिघडली असेल, असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, नवरदेव पोहोचेपर्यंत नवरी म्हातारी होईल, नीट चालव. मग तो माणसासारखा चालवायला लागला.

चौक्याच्या घाटात मेंढरं आडवी आली. एरवी बसमध्ये मेंढरांचा वास येतो, गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, धनगराची शिवी ऐकू येते. इथे काचेमागे नुसती मेंढरांची पाठ सरकताना दिसली. प्रवास केल्यासारखं वाटेना. खड्डा आला तरी कळत नव्हता. अंग दुखलं नाही, हे खरं.

फुलंब्रीला चहाला थांबलो. गाडीभोवती माणसं गोळा झाली. आमच्या भागात गाडी कितीही भारी असो, लोक पहिली गोष्ट एकच विचारतात. चहावाला म्हाताराच होता. गाडीच्या टपावर हात ठेवून मला म्हणाला, "बडी गाडी है अम्मा. पीती कितना?"

मी म्हटलं, "वही देखने निकले हैं."

तो हसला आणि चहात आलं जास्त घालून आणलं.

सिल्लोड जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही कडेला मका वाळत घातलेला दिसतो, पिवळाधमक. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे (सरकी वेगळी काढतात त्या कारखान्याकडे) निघालेल्या. माझं माहेर गावाच्या कडेला आहे आणि तिथवर जाताना गतिरोधक फार. या गाडीचं पोट खाली. पहिल्याच गतिरोधकावर ते असं घासलं की दिलीपने डोळे मिटले. मग प्रत्येक गतिरोधकाला रेखाने आणि मी उतरायचं, गाडी हलकी करायची, ती ओलांडून गेली की पुन्हा बसायचं. असं उतरत चढत आम्ही पोहोचलो. ओट्यावरच्या बायांनी विचारलं, गाडी बंद पडली का गं? मी म्हटलं, नाही, आम्हीच तिला सांभाळत आणलंय.

माझा धाकटा भाऊ नामदेव दारातच उभा होता. ‘जय भीम अक्का’ म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गाडीला प्रदक्षिणा घातली. त्याने पंचवीस वर्षं काळी-पिवळी (भाड्याची जीप) चालवली आहे. गाडी समोर असली की त्याला माणूस दिसत नाही. भावजयीने ज्वारीची भाकरी, येसर (डाळी आणि धान्य भाजून केलेला मसाला) घातलेली आमटी आणि ठेचा केला होता. रेखा जेवली. दिलीपचं लक्ष ताटात नव्हतं.

निघताना नामदेवने डिकीत मक्याचं पोतं टाकलं. दिलीप म्हणाला, मामा, वजनानं ॲव्हरेज कमी येईल. नामदेव म्हणाला, मग बहिणीला रिकाम्या हातानं लावून देऊ काय? वर दोन काशीफळं (लाल भोपळे) ठेवली. मग म्हणाला, भाचा पहिल्यांदा स्वतःची गाडी घेऊन दारात आला, आता टाकी मामाची. नाही म्हणायची सोय नव्हती. हा आमच्याकडचा मान आहे आणि मोडला तर वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. दिलीपही मनातून खूश होता, निम्म्या वाटेचा आकडा इथेच कळेल म्हणून.

नामदेवच्या ओळखीचा पंप. मी गाडीतच बसून राहिले. कट झाला. नामदेव म्हणाला, आता हलवा. तो आणि पंपावरचा माणूस गाडीच्या मागच्या बाजूला धरून तिला खालीवर करायला लागले. पाळण्यात घालून कुणी हलवावं तशी मी आत हलत होते. काळी-पिवळीवाले टाकी अशीच भरतात. हलवलं की आतली हवा निघते, आणखी बसतं. पुन्हा थोडं, पुन्हा हलव. पेट्रोल तोंडाशी दिसलं तेव्हा नामदेवचं समाधान झालं. दहा लिटर गेलं.

दिलीपने किलोमीटरचा आकडा बघितला. पासष्ट. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

"साडेसहा," तो म्हणाला.

नामदेवला अट माहीत नव्हती. तो म्हणाला, मोठ्या गाड्यांचं असंच असतं, आणि माझ्या पाया पडला.

परतीचा रस्ता तोच. रेखा खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, तिच्या मनासारखं झालं. तिचा भाऊ पुण्यात, मोठं शहर, मुलांना शाळा. मी मनात ठरवायला लागले, मक्याचं एवढं पोतं आता एकटीला कशाला, अर्धं शेजारी देऊन टाकू.

चौक्याच्या घाटात वळणावर रेखा म्हणाली, वास येतोय. पेट्रोलचाच होता. दिलीपने गाडी कडेला घेतली. टाकीच्या झाकणाखाली ओला ओघळ आला होता.

"वर गळती बी हाय का?" रेखाने विचारलं.

"गळती नाय. मामानं गळ्यापर्यंत भरलीय. वळणावर उतू जातंय."

मी म्हटलं, "मग सकाळी हाच घाट चढलो, तवा का नाही उतू गेलं?"

"सकाळी कटला थांबवलं होतं, माय."

एवढं बोलून त्याने टाकीच्या तोंडात डोकावून बघितलं. झाकण हातात धरून तसाच उभा. रेखाच पहिल्यांदा बोलली. "अहो, म्हंजी मामांनी वरून हलवून घातलं, ते बी आपण गाडीनं पिल्यात धरलं."

दिलीपने नामदेवला फोन लावला आणि विचारलं, हलवल्यावर किती जास्त बसलं असेल? नामदेवला राग आला. तो एवढ्या मोठ्याने बोलला की मला आत ऐकू आलं.

"दोन-चार लिटर बसतंयच की. मी काय कमी भरलं का? अक्का काय बोलली का?"

दिलीपने मग आम्हाला समजावलं. सकाळी कटपर्यंत भरलं, आता घरी त्याच पंपावर कटपर्यंतच भरायचं. सिल्लोडचं आणि घरचं मिळून जेवढं पेट्रोल, तेवढंच दोन्ही वाटांना लागलेलं. जाऊन येऊन एकशे तीस किलोमीटर. सिल्लोडला दहा लिटर गेलेलं. घरी तीनच्या आत खट्ट झालं तर गाडी दहाच्या वर. तीनच्या पुढे गेलं तर पुणे.

हर्सूलपासून गर्दी लागली. संध्याकाळची वेळ, रिक्षा, दुचाक्या, मध्येच उसाची ट्रॉली. गाडी जागेवर उभी राहून घुरघुरत होती आणि आम्हा तिघांना ते घुरघुरणं ऐकू येत होतं. रेखाने पुढे वाकून हात घातला आणि एसी बंद केला.

दिलीप म्हणाला, "राहू दे की. गिऱ्हाईक घाम पुसेल का?"

"पुसू द्या," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की पुण्याची हौस हिलाही नाही. सकाळपासून मी तिच्याबद्दल चुकीचं धरून चालले होते. मी पदराने घाम पुसला.

पंपावर सकाळचीच मुलगी होती, घरी जायच्या घाईत. नळी लावली. आकडे फिरायला लागले. रेखाने सँडल पायातून काढून ठेवल्या होत्या, ती तशीच अनवाणी खाली उतरली आणि यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. लिटर झालं. दुसरं होत आलं.

खट्ट.

"दोन," मुलगी म्हणाली.

दिलीपचा विश्वास बसेना. म्हणाला, पुन्हा दाब बरं. तिने दाबलं. लगेच खट्ट. त्याचा हात गाडीच्या मागच्या बाजूला गेला, तेवढ्यात रेखाने तो धरला. "बस झालं. आता मामांसारखं करू नका."

बारा लिटरमध्ये एकशे तीस. अकराला थोडं कमी. एसी बहुतेक वाट चालू, वर मक्याचं पोतं, दोन काशीफळं आणि मी. डॉक्टर म्हणायचे त्याहून कमी आणि गॅरेजवाला म्हणायचा त्याहून बरंच जास्त. नुसत्या शहरात ती एवढं देणार नाही, हे दिलीपलाही ठाऊक आहे. पण लग्नं गावोगावची असतात, रस्ता लांबचा असतो.

रेखाने तिथेच उभं राहून भावाला फोन केला. "दादा, ती खोली दुसऱ्या कुणाला द्या." तो पलीकडून काय म्हणाला कोण जाणे, ती दोनदा नुसतं ‘व्हय’ म्हणाली. मग गाडीत बसून सँडल घातल्या आणि दिलीपला दुसरी अट सांगितली. वरातीत गाडी चालत नाही, बेंडबाज्यामागे नुसती उभी राहते. ते पेट्रोल नवरदेवाच्या बापाचं, हे बोलणी करतानाच सांगायचं. दिलीप बरं म्हणाला. त्याने आणखी दहा अटींना बरं म्हटलं असतं.

नामदेवला आम्ही आकडा कळवला. दोन-चार लिटर बसतंय हे आपणच सांगितलं होतं, म्हणून श्रेय तो स्वतःकडे घेतो. घेऊ द्या. त्या पोत्याला मी हात लावू दिला नाही. घरात सगळे आहेत, तर मका पुरायचा पण नाही.

सिल्लोडला यापुढे मी बसनेच जाईन. गाडी चांगली आहे, पण आत बसून मेंढरांचा वास येत नाही आणि सीट इतकी खाली, की उतरताना रेखाचा हात धरावा लागतो. गाडी सध्या दारात उभी असते, रिकामी असेल तेव्हा. अर्धं अंगण तिनेच अडवलं आहे आणि सकाळचं ऊन तिच्या टपावर पडतं. मी माझी बाज थोडी पलीकडे सरकवून घेतली आहे.