चंदेरी दोरा

आज बाल्कनीची जाळी रंगवायला चंदेरी रंगाचा डबा उघडला. घरात मी एकटाच. त्या वासासरशी माझा मित्र सुधीर आठवला.

आम्ही दोघांनी अंतराळावर सिनेमा काढला होता. अंबडच्या कारखान्यातल्या भंगार पत्र्यातून त्यानं यान केलं. पैसे संपले, म्हणून चंद्र एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या राखेचा झाला. यान मी रंगवलं, आणि घाईत ते टांगायच्या दोऱ्यालाही ब्रश लागला.

कॉलनीच्या हॉलमध्ये पडद्यावर यान उतरताना दोरा लख्ख चमकला. "अरे, पतंग आला!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. चूक माझी आहे हे कळू नये म्हणून मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो.

घरी जाताना सुधीर एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी रंग मीच देईन."

पुढची वेळ आली नाही. तो गेल्यावर वहिनींनी ते यान माझ्याकडे दिलं. दोरा अजून तसाच चमकतो.