पिशवी काढून लावा

आमच्या घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. बाबा जंगलहक्काच्या मोर्चांची पत्रकं छापून आणत आणि उरलेल्या कागदांच्या मागच्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. पत्रकात कोणीतरी दोषी असतो आणि त्याला जाब विचारलेला असतो. पुढे मीही तशीच पत्रकं लिहायला लागले. मायच्या मोहाच्या रोपांसाठी मात्र मला तसं एकही लिहिता आलं नाही.

माय गावातल्या बायांसोबत ठेकेदाराच्या नर्सरीत कामाला जाते. दरवर्षी तिथे सागवानच लावायचं. एका वर्षी बाया अडून बसल्या की मोहही लावू. गावामागची टेकडी उघडी पडली होती आणि तिथे मोह पाहिजे, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. ठेकेदार हो म्हणाला. मोहाचं फळ म्हणजे टोळ. टोळ पडली की बी लगेच पेरावं लागतं, ठेवलेलं बी उगवत नाही. बाया पावसात भिजत टोळ वेचत होत्या आणि त्याच दिवशी माती, वाळू, शेणखत भरलेल्या काळ्या पिशव्यांत बी टोचत होत्या. कोणत्या झाडाची फुलं जास्त गोड, यावरून त्यांचं भांडण चाललेलं असायचं.

"तुह्या झाडाचं बी नोको टाकू," एक काकू मायला म्हणायची. "तुह्यासारखंच कडू निघन."

"कडू आहे म्हणून तं टिकलो," माय म्हणायची.

रोपं वर्षभर वाढली. पुढच्या पावसाळ्याआधी बायांनीच टेकडीवर खड्डे खणले. पाऊस आला, खड्डे पाण्याने भरले, पण रोपं हलवायचा हुकूम आला नाही. मोह वर जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट खाली जातो. त्याचं सोटमूळ पिशवीचं बूड फोडून वाफ्यात शिरलं. मग पिशवी उचलायची, बाहेर आलेलं मूळ कात्रीने छाटायचं आणि रोप पुन्हा ठेवायचं. पान मलूल व्हायचं, काही दिवसांनी पुन्हा उभं राहायचं. पुन्हा मूळ खाली, पुन्हा कात्री.

मी ब्रह्मपुरीला ठेकेदाराच्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, हुकूम वरून येतो. वरच्या कचेरीत म्हणाले, यादी खालून येते. दोघेही माझ्याशी नीट बोलले. एकाने तर चहा पाजला.

घरी येऊन मी मायला म्हणाले, "आपणच लावून टाकू. खड्डे आपले, बी आपलं."

"आन् पिशवी कोनाची? माती कोनाची?" माय म्हणाली. "उद्या मोजाले आले तं साऱ्याच बायांचं काम जाईन. तू भाषन देशीन, चूल कोन पेटवन?"

 

दिवाळी झाली, धान कापून झालं, जमीन कडक झाली, आणि मग ट्रक आला. रोपं टेकडीवर जाणार नव्हती. वरोऱ्याकडे एका खाणीतून उपसलेल्या दगड-मातीचा डोंगर होता, त्यावर हिरवळ दाखवायची होती. बाया पिशव्या चढवत राहिल्या. चढवताना काही मुळं तुटली, त्यांचा आवाज येत होता.

मायने ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, तिथी पानी आहे का?"

"मले काय माहीत बाई, मी तं फक्त सोडून येतो."

माय माझ्याकडे वळली. "तू लिवते ना? लिव. पिशवी काढून लावा म्हना. पन्नीसकट गाडलं तं मूळ आतच गोल गोल फिरून मरते."

मी खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: पिशवी काढून लावा. माझं सर्वांत छोटं पत्रक. मायने ते सुतळीने ट्रकच्या मागच्या फळीला बांधलं. ट्रक वळेपर्यंत अक्षरं वाचता येत होती.

आठवड्याभराने माझं वरोऱ्याला काम निघालं. परतताना त्या ढिगाजवळ उतरले. उतारावर ओळीने मोह उभे होते, आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी काळ्या पन्नीची कड मातीबाहेर आलेली होती. मजूर दूरच्या मुलखातले होते. सावलीला बसलेल्या एका बाईला मी विचारलं, पन्नी का नाही काढली?

ती म्हणाली, "निकाली थी दीदी, पहले दिन. मिट्टी सूखी है, पूरी झड़ जाती है, पेड़ हाथ में लटकता है. मुकादम चिल्लाया. फोटो खींचने आने वाले थे."

तिच्या शेजारी पाण्याचा माठ होता आणि त्यावर झाकण म्हणून माझा पुठ्ठा. अक्षरं वरच्या बाजूला होती.

"क्या लिखा है इसमें?" तिने विचारलं.

मी सांगितलं.  तिने पुठ्ठा बाजूला करून मला पाणी दिलं. मी दोन-तीन पिशव्या नखांनी फाडून पाहिल्या. आतली माती खरोखरच भुरभुर गळून गेली आणि उघड्या मुळावर ऊन पडलं. मग मी हात आवरला.

घरी पोचले तेव्हा माय नर्सरीत होती, म्हणून तिकडेच गेले. नव्या पिशव्यांत माती भरणं चालू होतं, या वर्षी फक्त सागवान.

"मोह पाहिले?" तिने विचारलं.

"पाहिले."

"काढल्या पिशव्या?"

खोटं बोलायचं नाही, हे मी पत्रकांतूनच शिकले होते. मी नाही म्हणाले. मायने हातातली पिशवी भरून जमिनीवर दोनदा आपटली, माती खाली बसली, आणि तिने दुसरी उचलली.

"वाचनारं कोनी नसन तिथी," ती म्हणाली.

"वाचून दाखवलं मी."

 मी तिच्याजवळ बसले आणि माती भरायला लागले.