तिकिटातलं तिकीट

"लावायची अक्कल नाही, आणि म्हणे संग्राहक!"

माझ्या मागे, दाराशी उभा असलेला माणूस पुटपुटला. मी फिर्यादीच्या बैठकीच्या खोलीत बसून चोरीचा पंचनामा लिहीत होते. कपाट उघडं होतं, आतले दागिने जागच्या जागी होते आणि गेला होता फक्त एक अल्बम. वर्दी उतरवून मला आता काही काळ झाला. का उतरवली, ते इथे सांगत नाही. फौजदार म्हणून केलेल्या थोड्या वर्षांतले बरेच गुन्हे विसरले, हा मात्र विसरता येत नाही. कारण त्या पुटपुटण्यातला सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

प्रवरेकाठचं तालुक्याचं गाव. फिर्यादी कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. ते पोस्टाची तिकिटं जमवायचे, तीही एकाच प्रकारची. एखादा देश आपल्या जुन्या तिकिटाच्या आठवणीसाठी नवं तिकीट काढतो आणि त्यावर त्या जुन्या तिकिटाचंच चित्र छापतो. अशी, पोटात दुसरं तिकीट असलेली तिकिटं.

"म्हणजे तिकिटावर तिकीट?" आमचे हवालदार म्हणाले. "सर, हे तर डबल भाडं झालं."

प्राध्यापकांना हसू आलं नाही. त्या रविवारी नगरला जिल्ह्याचं प्रदर्शन होतं आणि त्यांचा संग्रह मांडला जाणार होता.

पुटपुटणारा माणूस त्यांचा शाळेपासूनचा मित्र. शेजारीच राहायचा, म्हणून पंच म्हणून बोलावलेला. तोही तिकिटं जमवायचा, पण प्रदर्शनात त्याला जागा मिळाली नव्हती.

"लिहा मॅडम," तो मला म्हणाला, "तिकिटं देशवार लावलेली होती. बाहेरच्या तिकिटाप्रमाणे. अहो, आतलं तिकीट कोणतं, ते बघून लावायचं असतं. हा नाद याला मीच लावला. आता याचा मुलगा परदेशातून पाठवतो आणि हा नुसता खोचून ठेवतो."

"अरे, आज तरी गप्प बस की," प्राध्यापक म्हणाले.

गुन्हा दाखल झाला. तपास माझ्याकडे नव्हता. तो होता माझ्याच बॅचच्या उपनिरीक्षकाकडे, कारण चांगले गुन्हे त्याच्याकडेच जायचे. साहेब त्याला नावाने हाक मारायचे, मला 'मॅडम' म्हणायचे. तो बोलायला लागला की ठाण्यातला चहावालासुद्धा थांबायचा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझी मराठी कागदावर बरी होती, पण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की वाक्य आधी मनात तपासून घ्यावं लागे. तेवढ्यात विषय पुढे गेलेला असे.

प्रदर्शन अल्बमाशिवाय पार पडलं आणि लगेच 'गुप्त बातमीदारामार्फत' खबर आली. खबर देणाऱ्याचं नाव कागदावर येत नाही, आणि ज्याला ती मिळते तो सहकाऱ्यालाही सांगत नाही. प्राध्यापकांकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या घरामागे, सरपणाखाली खताच्या गोणीत अल्बम सापडला. मावशींना ठाण्यात आणलं. महिला अधिकारी हजर लागते, म्हणून मला बोलावलं.

"मावशी, गोणीला पाय फुटले व्हय?" बॅचमेटने विचारलं.

"मला काय ठावं सायेब. म्या न्हाई घेतलं. त्या तिकिटांचं मी करू काय? येष्टीत तरी चालत्यात का ती?"

"लई बोलता तुमी."

"बोलू न्हाई तर काय करू?" त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमी तरी सांगा की यास्नी. समदी कामं त्याच गल्लीत हायती माझी. एकदा चोर म्हनलं की उद्या एक बी दार उघडायचं न्हाई."

मी मनात वाक्य तपासायला लागले, तेवढ्यात बॅचमेटचा पुढचा प्रश्न आला.

ओळख पटवायला प्राध्यापक आले. अल्बम चाळून ते रडकुंडीला आले. "तिकिटं आहेत सगळी, पण पार विस्कटून टाकलीत हो!" मग मावशींकडे वळून म्हणाले, "चोर ती चोर, वर ही नासधूस. तुला घरात घेतलं तीच माझी चूक."



"मॅडम, तुम्ही इंग्रजी शाळेतल्या ना," साहेब मला म्हणाले. "देशांची नावं वाचा आणि मुद्देमालाचं वर्णन लिहून काढा." हे काम कोणालाच नको होतं.

लिहिता लिहिता माझा हात थांबला. पहिल्या पानावर निरनिराळ्या देशांची तिकिटं होती, पण प्रत्येकाच्या पोटात एकच चित्र होतं: राणीचा चेहरा असलेलं काळं तिकीट, जगातलं पहिलं. पुढच्या पानावर सगळीकडे सिंधचं गोल तिकीट, आशियातलं पहिलं. त्यापुढे त्याहून नंतरचं. काहीही विस्कटलेलं नव्हतं. कोणीतरी निवांत बसून, एकेक तिकीट चिमट्याने उचलून, आतल्या तिकिटांच्या वयाप्रमाणे ती लावली होती. चोराला चोरलेली वस्तू दडवायची घाई असते. याला ती सुधारायची घाई होती.

बॅचमेटला मी व्हरांड्यात गाठलं. "खबर कोणी दिली ते सांगू नकोस. एवढंच सांग, तो माणूस तिकिटं जमवतो का?"

कोणी ऐकत नाही ना, ते त्याने आधी पाहिलं. मग म्हणाला, "तुला कसं कळलं?"

मित्राला 'वर्णन बरोबर आहे का ते बघायला' म्हणून लगेच बोलावलं; प्राध्यापक आणि मावशी अजून ठाण्यातच होते. तो खुशीत आला. जाणकार म्हणून त्याला बहुधा पहिल्यांदाच कोणी खुर्ची दिली होती. तो यायच्या आधी मी दुसऱ्या पानावरचं सिंधचं एक तिकीट काढून पुढच्या पानावर खोचून ठेवलं होतं. अल्बममधून सुटं काढलेलं तेवढंच पान मी त्याच्यासमोर सरकवलं.

त्याची नजर सरळ तिथे गेली. मागोमाग बोट गेलं. "हे इथे कसं आलं? हे मागच्या पानावर, सिंधच्या..."

प्रश्न माझ्या ओठावर होता. पण विचारला बॅचमेटनेच. "काका, मागचं पान तुम्ही कधी बघितलंत?"

मित्राने बोट मागे घेतलं. मग तो बोलायला लागला. प्राध्यापक लग्नाला गेले होते. त्यांच्या घराची एक किल्ली शेजारी म्हणून त्याच्याकडेच असायची.

"परत ठेवणारच होतो मी," तो म्हणाला. "नीट लावलेली एकदा बघायची होती. याला कशासाठी झिजावं लागलं हो? घरबसल्या पाकिटं येतात. मी एकेका तिकिटासाठी माणसांच्या दारात उभा राहिलोय. आणि प्रदर्शनात हा!"

"मग मावशी कशाला मध्ये आणल्या?"

"तुम्ही जमवणाऱ्यांकडे चौकशी करणार, असं ऐकलं. भीती वाटली."

साहेबांनी बॅचमेटच्या पाठीवर थाप दिली. "याला म्हणतात तपास!" बॅचमेटने एकदा माझ्याकडे बघितलं आणि थाप घेतली. मला तेव्हा जो हेवा वाटला, तो समोर बसलेल्या आरोपीच्या हेव्याहून फार वेगळा नव्हता. साहेबांनी बॅचमेटला केव्हा केव्हा शाबासकी दिली, हे त्याच्यापेक्षा मला जास्त पाठ होतं. म्हणूनच मला तिकिटांच्या मांडणीत तो मित्र इतक्या लवकर दिसला.

हा गुन्हा मला एवढंच शिकवून गेला. मत्सर करणाऱ्याला दुसऱ्याची वस्तू मालकाहून बारकाईने माहीत असते. ती त्याला नुसती हवी नसते, ती आपल्या हाताने नीट लावून दाखवायची असते. आणि त्या नादात मध्ये कोण चिरडलं जातंय, हे त्याला दिसत नाही. मलाही त्या घटकेला दिसलं नव्हतं. मी त्या थापेकडे बघत होते, आणि मावशी अजून दाराशी उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचंही कोणाला सुचलं नव्हतं.

प्राध्यापक अल्बम छातीशी धरून उठले. मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाशिवाय नेता येत नाही, म्हणून हवालदारांनी तो त्यांच्याकडून हळूच परत घेतला. जाता जाता ते मावशींना म्हणाले, "उद्यापासून ये कामाला. झालं गेलं."

"सुटलात मावशी!" बॅचमेट हसला. "आता पेढे आणा सगळ्यांना."

मावशींनी पदर सावरला आणि जायला वळल्या. या वेळी मी वाक्य मनात तपासलं नाही.

"पेढे त्यांनी का आणायचे? चोर तोंडावर म्हणालात ना सर, मग माफीही तोंडावर मागा. आणि तूसुद्धा."