उजव्या कानातली मालिका

टेंभुर्णीत संध्याकाळी सातला गिरिजाबाईंना हाक मारायची सोय नव्हती. काही काम असलं तर जाहिराती लागेपर्यंत थांबा! गावाला वाटायचं, बाईला मालिकेचं वेड लागलंय. वेड होतं, पण ते मालिकेचं नव्हतं.

त्यांचे मालक साहेबराव यांची सारी नोकरी जालन्यात, लोखंडाच्या कारखान्यात झाली. तिथल्या दणदणाटानं डावा कान पार गेला. उजव्याशी तोंड नेऊन बोललं तर थोडंफार पोचायचं. गावी परतल्यावर लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. रोज रोज कोण ओरडत बसणार? दिवसभर साहेबराव ओट्यावर मुक्यासारखे बसायचे. सात वाजले की मात्र गिरिजाबाई त्यांच्या उजव्या अंगाला बाजेवर सरकून बसायच्या आणि पडद्यावर कोण काय बोललं ते कानात सांगायच्या. नवऱ्याला इतकं खेटून, इतकं बोलायला त्यांना अख्ख्या संसारात मिळालं नव्हतं. दिवसातला तेवढा वेळ त्यांना जिवापाड प्रिय होता.

आणि नेमकी मालिकाच बिघडली! चांगली नांदणारी सून सुनयना मेली काय, दुसरंच तोंड घेऊन परत आली काय, सासू दुधात विष कालवू लागली काय!

"लिहिणाराचं डोकं फिरलं, काकू," शेजारची बेबीनंदा म्हणाली. मग स्वतःच कपाळाला हात लावून म्हणाली, "त्याला तरी काय बोलावं? आपण बघून राह्यलो, म्हणून तो लिहून राह्यला."

साहेबरावही विटले. "बंद कर ते. काही दम न्हाई राह्यला त्याच्यात."

टीव्ही बंद झाला की उजवा कानही बंद होणार. मग काय, दुसऱ्या दिवसापासून बाईंनी बेधडक खोटं सांगायला सुरुवात केली. पडद्यावर सासू विष कालवतेय आणि गिरिजाबाई कानात सांगतायत, "ती म्हणती, दूध पी गं बाई, लई वाळलीस." सुनयना किंचाळली की, "बाजारात वांगी लई महाग झाली, म्हणून वरडती."

साहेबराव पोट धरून हसायचे. "सासू बिलकुल सुधारली की! लिहिणारा बदलला वाटतं." ती शाबासकी गिरिजाबाई पदराआड हसून घ्यायच्या.

पण एकदा ते कुरकुरले, "लिहिणारा आळशी झाला. जवा बघावं तवा वांगी!" गिरिजाबाईंना असा राग आला म्हणता! भाकरी थापता थापता त्यांनी सुनयनेला एक भाऊ पैदा केला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला तीर्थपुरीहून बहिणीच्या बंगल्यावर आणून उभा केला.

अशात मुलगा नागसेन बदनापूरहून आला, तो बापासाठी कानाचं मशीन घेऊनच. "आता आईला वरडायची गरज न्हाई. सगळं बराबर ऐकू येईल," तो म्हणाला. गिरिजाबाईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. खोटं उघडं पडणार याची लाज होतीच. पण आपली जागा गेली, याचं दुःख त्याहून मोठं होतं.

सातला साहेबरावांनी मशीन घातलं. गिरिजाबाई लांब, दाराशी लसूण सोलत बसल्या.

"तुला या घरात जिवंत ठेवणार नाही!" पडद्यावर सासू कडाडली. साहेबराव दचकले. त्यांनी सासूकडे पाहिलं, सुनयनेकडे पाहिलं, मग वळून दाराशी बसलेल्या बायकोकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. गिरिजाबाईंची मान काही वर होईना.

जाहिराती लागल्या. साहेबरावांनी मशीन काढून डबीत ठेवलं.

नागसेननं त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "काय झालं बाबा? ऐकू येत न्हाई का?"

"येतं ना, चांगलं येतं. ओट्यावर बसताना घालत जाईन." मग तोंड वाकडं करून म्हणाले, "पण मालिकेचं पार वाटोळं केलं बघ या मशीननं. कालपर्यंत किती छान चालली व्हती!"

त्यांनी बाजेवरची उजवीकडची जागा हातानं झटकली.

"अगं ए, इकडं ये जल्दी. तो तीर्थपुरीचा भाऊ आल्ता न्हाई का, त्याला जेवू घातलं का तिनं?"

गिरिजाबाई लसूण तसाच टाकून उठल्या. डोळे पुसत त्यांच्या कानाशी वाकल्या.

"घातलं की. वांग्याची भाजी केल्ती."