दोन रिंगांचं जेवण

पडदा वर जातो तो उपनगर भागाच्या मागच्या वसाहतीतल्या एका स्वयंपाकघरावर. खिडकीतून आलेलं ऊन थेट परातीवर पडलेलं. एका शेगडीवर मटकीची उसळ रटरटते आहे, दुसरीवर लोखंडी तवा तापतो आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि ओट्याच्या कडेला तेलाच्या बरणीला टेकवून उभा केलेला एक जुना बटणांचा फोन. मधोमध भिमाबाई. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत नाचणीच्या पिठाने माखलेले. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. पण त्या ओट्यासमोर उभी राहिली की बघणाऱ्याची नजर दुसरीकडे म्हणून जायची नाही.

आणि या प्रयोगाला घंटासुद्धा होती. फोन दोनदा वाजायचा आणि थांबायचा. भिमाबाई मान तिरकी करून नंबर बघायच्या, उचलायच्या मात्र नाहीत. "अप्पा," एवढं पुटपुटून पिठाचा एक उंडा वेगळा काढायच्या. पुन्हा दोन रिंगा. "लंकाबाई." आणखी एक उंडा. फोनमध्ये कुणाचं नाव म्हणून घातलेलं नव्हतं. नंबराचे शेवटचे आकडे बघायचे आणि माणूस ओळखायचा, जसं पावलाच्या आवाजावरून घरातलं कोण आलं ते कळतं.

दोन रिंगा म्हणजे आज डबा पाठव. रिंग नाही म्हणजे आज नको. कुणी लेकीकडे गेलं असेल, कुणाकडे लग्नाचं जेवण असेल. का नको, हे भिमाबाईंनी कधी कुणाला विचारलं नाही. त्या म्हणायच्या, "खोदून विचारलं की माणूस बिचारं लाजून हो म्हणतं. मग ते जेवण अंगी लागत नाही."

हे डबे साखरेच्या आजाराच्या लोकांचे. नाचणीची किंवा बाजरीची भाकरी, मोड आलेलं कडधान्य, मेथी, दुधी, कधी शेवग्याच्या पाल्याची भाजी, वाटीभर ताक. बटाटा नाही, साबुदाणा नाही, आणि सणाला पुरणाची पोळी मागितली तर शिव्या. ही विद्या भिमाबाई उशिरा शिकल्या. त्यांचे मालक सातपूरच्या कारखान्यात होते. साखर होती, पण चहात तीन चमचे घालून ती लपवायचे. पायाची जखम चिघळली, बोटं गेली, मग पाऊल, मग तेही गेले. त्यांना काय खायला घालायचं हे सरकारी दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं, तोवर खायला घालायला माणूस उरला नव्हता. शिकलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून भिमाबाईंनी पहिला डबा भरला तो मालकांच्या दोस्ताला, झुंबरअप्पांना.

अप्पा सरकारी प्रेसमधून, छापखान्यातून, रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगी मालेगावला. जेवणाआधी पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची आणि अर्ध्या तासाने जेवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अप्पांचा हिशोब साधा होता. सकाळी दोन रिंगा दिल्या की डबा आलाच म्हणून समजायचं. दुपारचे बारा वाजले की ते सुई घ्यायचे, आणि ते शर्ट खाली करताहेत तोवर दारात दत्तूची रिक्षा उभी राहायची. इतक्या वर्षांत एकदाही यात खंड पडला नव्हता. भिमाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. इतरांचा डबा उशिरा गेला तर कुरकुर होईल, अप्पांचा गेला तर माणूस जाईल, असं त्या दत्तूला रोज सांगायच्या. दत्तू म्हणायचा, "मावशी, माझ्या लग्नालाबी मी एवढ्या वेळेवर पोचलो नव्हतो."

मग कंपनीचा मेसेज आला. जुन्या नेटवर्कचे दिवस भरत आले, नवा फोन घ्या. आला तर आला, भिमाबाईंनी दुर्लक्ष केलं. पण हळूहळू फोनचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला, कधी मधेच तुटायला लागला. दुकानदाराने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि हसला. "मावशी, हा आता नातवाला खेळायला द्या."

मुलगा संघर्ष अंबडच्या कंपनीत सुपरवायझर. त्याने शनिवारी संध्याकाळी नवाकोरा, काचेचा, तळहातात न मावणारा फोन आणला. आईवर जीव ओवाळून टाकणारा पोरगा. त्याच्या कंपनीतल्या एकाला कुणीतरी पोलीस असल्याचं सांगून फोनवर लुबाडलं होतं, तेव्हापासून त्याने धसका घेतला होता. सोफ्यावर बसून त्याने सगळं लावून दिलं. नातेवाइकांची नावं घातली, फोटो घातले, बुद्धवंदना वाजेल असं केलं.

"आई, आता तुला कुणी फसवू शकणार नाही. बघ, सगळं सेफ केलंय."

"वाजतो ना पण?"

"वाजतो म्हणजे? गल्ली जागी होईल."

रविवारी डबे बंद असतात. सोमवारी सकाळी भिमाबाईंनी नवा फोन तेलाच्या बरणीला टेकवला. तो घसरला. डाळीच्या डब्याला टेकवला, तिथून घसरला. शेवटी त्याला घडवंचीवर झोपवला आणि त्या पीठ मळायला लागल्या.

फोन वाजेना.

उसळ झाली, मेथी झाली, ताक घुसळून झालं. फोन गप्प. भिमाबाईंनी पिठाच्या बोटाने काचेला हात लावला, काच हलेना. हात धुतला, ओल्या बोटाने लावला, तरी हलेना. पदराला पुसून कोरडा केला, तेव्हा कुठे उजेड पडला आणि आत नुसती रंगीत चित्रं. कुठल्या चित्राला बोट लावावं हे कळेना. एकाला लावलं तर कुणीतरी बाई नाचायला लागली.

"बंद कर गं बाई, इथं म्हातारी माणसं उपाशी राहतील," त्या फोनवर खेकसल्या.

मग त्यांनी कसाबसा संघर्षला फोन लावला. "अरे, हा बिघडलाय. एकबी रिंग आली नाही."

"थांब, मी करून बघतो." त्याने केला. फोन असा काही दणदणीत वाजला की तव्यावरचं उलथनं हललं. "बघ, वाजला की नाही?"

"वाजला."

"मग? तुझ्या गिऱ्हाइकांनाच आज भूक नसेल."

तो सहज बोलून गेला, पण ते वाक्य भिमाबाईंच्या काळजात रुतलं. फोन धडधाकट आहे, म्हणजे माणसं फिरली. कालच अंजली, त्यांची सून, सांगत होती की आता मोबाईलवरून साखरवाल्यांचं जेवणसुद्धा मागवता येतं, सुबक डब्यात, वर काळे तीळ पेरून. गेली असतील तिकडे. एकाच दिवशी? सगळी? का नाही जाणार, लोक एकमेकांचं बघून करतात. मागे भाकरी जरा जाड झाली होती, लंकाबाई त्यावर बोलली होती. विचारावं का फोन करून? छे. आजवर विचारलं नाही, आता दारोदार विचारत फिरायचं? परातीतलं पीठ वाळायला लागलं. त्यावर ओलं फडकं टाकताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते भरून आल्याचा त्यांना भयंकर राग आला.

एक शेवटचा उपाय म्हणून त्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून गोड आवाजात एक बाई म्हणाली, "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है." मग बासरी. मग पुन्हा तीच बाई, पुन्हा बासरी.

"एवढा महत्त्वाचा आहे तर उचल की!" भिमाबाई ओरडल्या. बासरी वाजतच राहिली.

रोजच्या वेळेपासून रिकामी रिक्षा घेऊन दारात थांबलेला दत्तू शेवटी आत डोकावला. "मावशी, डबे?"

"नाहीत आज. जा घरी."

दत्तूने गाडी वळवली न वळवली, तोच फाटकातून लंकाबाई आत आल्या. गुडघ्यांनी बेजार झालेल्या, धापा टाकत, हातात शनिवारचा धुतलेला डबा. पायरीवर टेकताच त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला.

"काय गं भिमा, मोठी माणसं झालात का? नवा फोन आला तर गरिबाची रिंग ऐकू येत नाही? सकाळपासून बोट दुखलं माझं!"

"खोटं बोलू नका लंकाबाई. फोन माझ्या डोळ्यांसमोर आहे. वाजला नाही."

"मी खोटी? थांब." लंकाबाईंनी कनवटीला लावलेला नातवाचा फोन काढला आणि तिथेच पायरीवर बसून नंबर फिरवला. त्यांच्या फोनातून रिंग जात असल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. टुर्र, टुर्र. दोन हातांवर भिमाबाईंचा फोन मुका पडून होता. काच काळी, आवाज नाही, थरथर नाही.

मुलाने केलेलं "सेफ" म्हणजे काय, ते भिमाबाईंच्या लक्षात आलं. ज्यांची नावं आत घातली होती त्यांच्यासाठी फोन वाजत होता. बाकी सगळे त्याच्या लेखी परके. ज्यांना त्या आकड्यांवरून ओळखायच्या, त्या सगळ्यांना फोनने उंबऱ्याच्या बाहेर उभं केलं होतं.

आणि मग त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला आला होता.

"अप्पांनी सुई घेतली असेल."

त्यांनी पातेल्यातली उसळ वाटीत ओतली, सकाळची एक भाकरी कागदात गुंडाळली आणि फाटकापाशी घुटमळणाऱ्या दत्तूच्या रिक्षात अनवाणीच बसल्या. वाटेत दत्तूच्या फोनवरून अप्पांना फोन लावला. रिंग जात राहिली, कुणी उचलेना. सिग्नलला दत्तू थांबला तर त्याच्या पाठीत गुद्दा बसला. "मोड सिग्नल! दंड मी भरते!"

अप्पांचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते खुर्चीत बसले होते, बनियन घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि टेबलावर ताट-वाटी मांडून ठेवलेली. भिमाबाईंकडे बघून त्यांनी ओळखीचं हसायचा प्रयत्न केला, पण जीभ जड झाली होती.

"भिमा... मी रिंग दिली होती गं."

"दिली होती अप्पा, दिली होती. साखर कुठाय?"

"लेक... घरात ठेवू देत नाही."

भिमाबाईंनी सगळी फडताळं उघडली. शुगर फ्रीच्या गोळ्या होत्या, मारीची बिस्किटंसुद्धा नव्हती. त्या दारात येऊन अशा ओरडल्या की शेवटच्या रांगेतल्यालाही ऐकू जावं. "साखर! कुणाच्या घरी साखर आहे का साखर!" समोरची मनाली, शाळेत शिकवणारी मुलगी, डबाच घेऊन धावत आली. पेलाभर पाण्यात साखर विरघळवून भिमाबाईंनी अप्पांची हनुवटी धरली. "गिळता येतंय ना? हळू. घोट घोट." आयुष्यभर ज्या साखरेला त्या शिव्या देत आल्या, ती आज त्या चमच्याचमच्याने पाजत होत्या. मनालीने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले पाजा, थोड्या वेळाने जेवू घाला, शुगर तपासा आणि नाही सुधारलं तर लगेच आणा.

बऱ्याच वेळाने अप्पांच्या कपाळावरचा घाम थांबला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

भिमाबाई मटकन खाली बसल्या आणि रडल्या. दत्तू दारात उभा राहून दुसरीकडे बघत राहिला.

संध्याकाळी संघर्ष घरी आला तो खाली मान घालूनच. अनोळखी नंबर अडवणारी ती फोनमधली कळ त्याने बंद केली. आता सगळ्यांचे फोन वाजतील, म्हणाला. आणि खरंच वाजायला लागले. पहिला कर्ज हवंय का म्हणून. दुसरा प्लॉट घ्या म्हणून. तिसरा कुठल्याशा पार्सलचा, ज्यात तुमच्या नावाने काहीतरी सापडलंय म्हणे. रात्रीच्या जेवणापर्यंत भिमाबाईंचं डोकं भणाणून गेलं.

"सगळ्यांची नावं घालतो ना आई. एकेकाचं सांग."

"आणि लंकाबाई नातवाच्या फोनवरून करते, कधी शेजारणीच्या, तिला कुठं घालशील? राहू दे. तुझी चूक नाही रे. तू आईला चोरांपासून वाचवत होतास. पण दार एवढं लावून घेतलंस की आपली माणसंच बाहेर राहिली." मग फोन बाजूला सारत, "हा फोन माझ्याच्यानं कधी जमणार नाही. चीड येते मला त्याची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाच्याही रिंगेची वाट पाहिली नाही. सगळ्यांचं पीठ मळलं. कुणाला नको असेल तर उरेल, शेजारात वाटता येईल. अप्पांचा डबा मात्र दत्तूच्या हाती न देता स्वतः घेऊन गेल्या, वेळेच्या बऱ्याच आधी. अप्पा ओशाळले होते. मुलीने मालेगावहून फोनवरून फैलावर घेतलं होतं.

"जय भीम. माझी रिंग लागली का आज?"

"लागली. तिच्याआधी कर्जवाल्यांच्या तीन लागल्या."

"मग झालं तर. उद्यापासून पुन्हा आपलं तसंच चालू." आणि सवयीने त्यांचा हात सुईच्या डबीकडे गेला.

भिमाबाईंनी ती डबी उचलून आधी आपल्या मागे ठेवली, जेवणाचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "रिंग गेली खड्ड्यात अप्पा. रोज आधी डबा घरात येऊ द्यायचा, झाकण काढून भाजी कसली ते बघायचं, मग सुई. अर्ध्या तासात गार झालं तर गार खायचं."