कालव्यातली तूर

माझ्या नवऱ्याचं सायकलशी वैर नाही, हमरस्त्याशी आहे. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की माजलगावच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून धावतात, आणि बाहेर लोंबणारा ऊस कुणाच्या तोंडावर बसेल सांगता येत नाही. त्यामुळे सायकल घेतली तेव्हाच घरातून एक अट पडली: हमरस्त्याला चाक लावायचं नाही. मी लगेच कबूल झाले, कारण माझ्या डोक्यात कालवा होता. धरणाचं पाणी शेतांकडे नेणाऱ्या कालव्याच्या काठानं मुरमाचा एक रस्ता जातो. तो खात्याच्या जीपसाठी केलेला आहे आणि जीप कधीमधीच येते. एरवी तो रस्ता होल्यांचा, सरड्यांचा, शेळ्यांचा आणि दर रविवारी माझा.

आठवड्याचे सहा दिवस मी एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. दिवसभर काचपट्टीवरच्या एका थेंबात डोळे घालून बसायचं. म्हणून रविवारी मला सगळंच बघायचं असतं. पोपट एवढी झाडं सोडून ह्याच एका बाभळीवर कसे बसतात? मोऱ्यांवर नंबर कुणी घातले आणि अकरानंतर एकदम तेरा कसा येतो? ज्वारीच्या ताटांची रांग कालव्याशी तिरकी का? मी थांबते, वहीत लिहून घेते, पुढे जाते. कधीतरी अशाच बिनगर्दीच्या वाटा जोडत धर्मापुरीच्या जुन्या देवळापर्यंत जायचं आहे. अजून निम्मीही वाट सापडलेली नाही.

मला एक खोड आहे. कुणी काही विचारलं की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, मग ते मला माहीत असो की नसो. नवरा म्हणतो, "तुला पत्ता विचारणारा माणूस चुकीच्या गावाला पोचतो, पण बिनधास्त पोचतो." मला ह्याचा राग येतो, कारण ते खरं आहे.

कालव्यावर ह्या खोडीला चांगलंच खतपाणी मिळालं. डोक्यावर हेल्मेट, अंगात चकाकणारं नारिंगी जाकीट, हातात वही. मोऱ्या मोजत फिरणारी बाई बघून शेतातल्या लोकांनी ठरवूनच टाकलं की ही कॅनलची म्याडम. पहिल्या दोघा-चौघांना मी समजावून सांगितलं. मग कुणीतरी चहा दिला, कुणी हुरडा पुढे केला, आणि सांगायचं राहून गेलं. मी खोटं बोलत नव्हते, एवढंच मनाला बजावत असे.

त्या जानेवारीत एका शनिवारीही सुट्टी आली. मोठ्या कालव्यातून फुटलेल्या धाकट्या कालव्यावरून मी चालले होते. पाणी बंद होतं, तळ खडखडीत. एका वळणावर एक म्हातारा आणि त्याची बायको तो सिमेंटचा तळ खराट्यानं झाडत होते. त्या बाजूला ही रीतच आहे. पाणी नसलं की कालवा म्हणजे आयतं खळं. काळ्या रानापेक्षा स्वच्छ, आणि वाराही कमी. त्यांना तूर वाळवून तिथंच बडवायची होती.

म्हाताऱ्यानं वर बघून विचारलं, "म्याडम, पानी कवा सुटनार हाय?"

चहाच्या टपरीवर कुणीतरी बुधवार म्हटलेलं मी ऐकलं होतं. म्हणजे, बुधवार हा शब्द ऐकला होता. पाण्याबद्दलच होता का, तेही पक्कं नव्हतं.

"बुधवारपर्यंत काही नाही," मी म्हटलं. "खुशाल पसरा."

"म्याडमच म्हनल्या म्हंजी झालंच की," तो बायकोला म्हणाला. मी ऐटीत पॅडल मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघाले. धाकटा कालवा फुटतो तिथल्या गेटपाशी पोचले तर गेट उघडं आणि पाणी घोंघावत चाललेलं. मला आधी आनंदच झाला, तो लपवून काय करू! पाणी सुटलं की त्याचं पहिलं टोक कसं दिसतं, हे मला कधीपासून बघायचं होतं. मी जोरात सायकल हाणली आणि दोनेक किलोमीटरवर ते टोक गाठलं. ते माणसाच्या चालीनं चाललं होतं. पुढे पिवळा फेस, त्यात काटक्या, कुणाची तुटकी चप्पल, जिवाच्या आकांतानं पळणारे किडे. काठावरून बगळे त्यांना टिपत बरोबर चाललेले. कोरड्या भेगेपाशी पाणी क्षणभर थांबायचं, ती भरायची आणि पुढे सरकायचं. मी दोन मोऱ्यांमधली वेळ लावली, वहीत आकडे मांडले. पाऊण तास मी त्या पाण्याबरोबर हळूहळू सायकल चालवत होते. इतकी सुखी मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

मग वाहत आलेली एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, दिसली आणि मला वळणावरचं खळं आठवलं.

वळण अजून अडीच किलोमीटरवर होतं. मी उभी राहून पॅडल मारू लागले. एक किलोमीटर गेला असेल-नसेल तोच मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. सायकल तिथंच टेकवली आणि हेल्मेट, जाकिटासकट पळत सुटले.

दोघं कालव्यात बसून निवांत भाकरी खात होते. मागे तुरीच्या पेंढ्यांचा मोठा ढीग होता आणि अलीकडे, पाणी येणार त्या बाजूला, एक लहानसा.

"पाणी आलं!" मी ओरडले. "उठा, भरा!"

"आवं, बुधवार म्हनल्या न्हवं तुमी?"

"आलं म्हणते ना!"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण माझ्या हुकमानं काम लवकर होईल असं मला वाटलं. म्हाताऱ्याची बायको, मावशी, लहान ढिगाकडे धावली तर मी ओरडले, "ते राहू द्या! आधी मोठा ढीग!" ती घुटमळली, तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. खात्याची बाई सांगते म्हणजे काहीतरी कारण असेल. आम्ही तिघं पेंढ्या कवटाळून उतारावरून वर नेऊ लागलो. शेजारच्या उसातून दोन बायका आल्या. मोठा ढीग जवळजवळ सगळा काठावर आला.

पाणी वळणावरून शांतपणे आलं, लहान ढिगाखाली शिरलं आणि त्यानं तो उचलला.

"बी गेलं," म्हातारा म्हणाला.

मला कळेना. मावशीनं सांगितलं. मोठा ढीग खायच्या डाळीचा होता. ती तूर भिजली असती तरी चाललं असतं, डाळ करताना तूर भिजवतातच की. लहान ढीग निवडून ठेवलेल्या झाडांचा, पेरायच्या बियाचा. ती पांढरी तूर दुकानात मिळत नाही. लग्नानंतर तिनं माहेराहून आणलेली, तेव्हापासून दरसाल घरचीच पेरायची आणि घरचीच राखायची.

"मंग आदी बी कावून न्हाई उचललंस?" म्हातारा बायकोवर खेकसला.

"म्याडम न्हाई म्हनल्या की!"

माझी चूक, आणि बोलणी तिला बसली. मला इतकी लाज वाटली की तशीच पाण्यात उतरले. पाणी बर्फासारखं गार होतं. पुढच्या मोरीच्या तोंडाशी काही पेंढ्या अडकल्या होत्या. आम्ही त्या ओढून काढल्या, शेंगा पाणी पिऊन फुगलेल्या. तिथंच, गुडघाभर पाण्यात, मी बोलले.

"मामा, मी कॅनलची नाही. मी रक्त तपासते. सायकलवर नुसती फिरायला येते. बुधवार मी असंच ठोकून दिलं, आणि मघाचंही."

त्यानं माझ्या जाकिटाकडे बघितलं. "ठावं न्हाई म्हनायचं होतं," तो म्हणाला. "आमी काय तुमाला धरून मारनार होतो?"

मला रडू आलं. मावशीनं माझ्या हातातली पेंढी काढून घेतली आणि म्हणाली, "रडून काय हुतंय? वाळवून बघू." मग तिनंच विचारलं, "उगवंल का वो?"

उत्तर जिभेवर तयार होतं. उगवेल, काही होत नाही. मी ते गिळलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम गेले. शेंगा वाळल्या होत्या, दाणे काढलेले होते. उगवतात का बघायला मी पन्नास मागून घेतले. दमट गोणपाटाच्या तुकड्यात ते ओळीनं मांडले, गुंडाळी केली, दोऱ्यानं बांधली आणि घरी चुलीशेजारच्या कोपऱ्यात ठेवली. रोज वरून पाणी शिंपडायचं. उघडायचं नाही. हे मीच मला घातलेलं बंधन होतं. ज्या बाईला पोपटांनी बाभूळ का निवडली हे कळल्याशिवाय झोप लागत नाही, तिनं एक गुंडाळी आठ दिवस उघडली नाही. नवरा रोज विचारायचा, "काय निघालं?" मी म्हणायचे, "माहीत नाही." दुसऱ्या दिवसापासून तो चेष्टा करेनासा झाला.

आठव्या दिवशी, रविवारी, गुंडाळी हँडलच्या पिशवीत ठेवून निघाले. हेल्मेट होतं, पण जाकीट काढून साधा स्वेटर घातला होता. कालवा काठोकाठ वाहत होता. दोघं बांधावर बसलेले. मी गुंडाळी म्हाताऱ्याच्या हातात दिली.

त्यानं ती उघडली नाही. तळहातावर जोखली आणि डोळे बारीक करून म्हणाला, "आदी तुमी सांगा म्याडम. किती निघाले असतील?"

"मला माहीत नाही, मामा. मी बघितलंच नाही."

"आजाबात?"

"अजिबात."

तो मावशीकडे बघून पहिल्यांदा हसला. मग त्यानं दोरा सोडला. आम्ही तिघं वाकलो. काही दाणे काळे पडून चिकटले होते. पण बाकीच्यांतून पांढरी शेपटं निघून गोणपाटाच्या विणीत घुसली होती. मावशी बोट लावून मोजू लागली. तिसाच्या पुढे गेल्यावर तिचा आवाज कापू लागला, म्हणून उरलेले मी मोजले.